एकाच फ्रिक्वेन्सीवरचा डिजिटल रिपीटर: दाभोळ खाडीच्या दोन्ही तीरांवरून

कातळसडा

पावसाळ्याआधी हा विषय इथे मांडायचाच होता. गुहागर तालुक्यात आम्ही काही परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) मिळून एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) रिपीटर चालवून पाहतो आहोत. रिपीटर म्हणजे आलेला सिग्नल उंचावरून पुन्हा पाठवणारा संच. ऐकायला आणि पाठवायला एकच फ्रिक्वेन्सी, एकच अँटेना, डुप्लेक्सर (येणारा आणि जाणारा सिग्नल वेगळा ठेवणारा फिल्टर) नाही. खाडीपलीकडून दापोली तालुक्यातली मंडळीही त्यावर येतात. आतापर्यंत जे समजलं ते लिहितो. किनाऱ्यावर आणखी कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी गरज. आपल्या किनाऱ्याची ठेवणच अशी आहे की डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात, दोन सोंडांमध्ये खाडी किंवा पुळण, आणि वाडी नेमकी खाली माडा-पोफळीत. हातातला पाच वॉटचा सेट घेऊन वेळणेश्वरहून शेजारच्या हेदवीला बोलायचं तरी डोंगर आडवा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाही माणसं नातेवाइकांचा ठावठिकाणा शोधत राहिली आणि फोन लागत नव्हते. झाड पडून फायबर तुटते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, रस्ता बंद म्हणून डिझेल पोचत नाही. अशा वेळी वीस-तीस किलोमीटर आवाज पोचवणारं, कुणावर अवलंबून नसलेलं साधन तालुक्यात असावं असं मला मनापासून वाटतं.

नेहमीचा रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर पाठवतो. स्वतःच्याच ट्रान्समीटरने स्वतःचा रिसीव्हर बधिर होऊ नये म्हणून मध्ये डुप्लेक्सर लागतो. २ मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा व्हीएचएफ पट्टा) दोन फ्रिक्वेन्सींमध्ये अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ, म्हणून त्याच्या कॅव्हिटी, म्हणजे फिल्टरच्या धातूच्या नळ्या, माणसाच्या कमरेला लागतील एवढ्या, जड, महाग आणि नीट ट्यून कराव्या लागणाऱ्या. त्याहून वरच्या यूएचएफ पट्ट्याचे लहान डुप्लेक्सर मिळतात, पण ते बहुतेक ५ मेगाहर्ट्झ अंतरासाठी केलेले. आपल्याकडे हौशींना तिथे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे, म्हणजे सगळा मिळून ४ मेगाहर्ट्झ. ५ चं अंतर त्यात बसतच नाही. परदेशातले रिपीटरचे व्हिडिओ पाहून सामान मागवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

डीएमआरमध्ये यावर सुरेख वाट आहे. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर वेळेचे दोन भाग (स्लॉट) पडतात, प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचे. बोलणाऱ्याचा सेट एका भागात पाठवतो, पुढच्या भागात गप्प असतो, पुन्हा पाठवतो. सड्यावरचा सेट पहिल्या भागात ऐकतो आणि मोकळ्या राहिलेल्या दुसऱ्या भागात तेच पुढे पाठवतो. एका उखळात दोघीजणी आळीपाळीने मुसळ घालतात तसं. लय चुकली नाही तर मुसळाला मुसळ लागत नाही. प्रत्येक ३० मिलिसेकंदांत प्रत्यक्ष सिग्नल २७.५ चा असतो, उरलेल्या २.५ मध्ये सेटने ऐकणं थांबवून पाठवणं सुरू करायचं. एवढी चपळाई प्रत्येक डीएमआर सेटला जमत नाही, त्यामुळे घेण्याआधी ‘सिंगल फ्रिक्वेन्सी रिपीटर’ ही सोय त्यात आहे का ते माहितीपत्रकात पाहा. हायटेराच्या पीडी९८ मालिकेतल्या सेटमध्ये ती आहे, इतर काही कंपन्यांच्या सेटमध्येही आली आहे.

किंमत कुठे मोजावी लागते? दोन्ही स्लॉट एकाच संभाषणात खर्च होतात. नेहमीच्या, दोन फ्रिक्वेन्सींच्या डीएमआर रिपीटरवर एकाच वेळी दोन गट बोलू शकतात, इथे एकच.

भरती_ओहोटी

छान लिहिलंत. माझ्याकडे चिपळुणात पाय-स्टारचा (डीएमआर इंटरनेटशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हॉटस्पॉट आहे. तोही एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि ब्रँडमाइस्टर या डीएमआरच्या इंटरनेट जाळ्यावरून जगभर बोलता येतं. मग फरक काय पडला? तोच सड्यावर नेऊन ठेवला तर?

कातळसडा

हॉटस्पॉट तुमचा आवाज घेऊन इंटरनेटवर सोडतो आणि तिकडून आलेला तुम्हाला देतो. तुम्ही हेदवीहून बोललात तर तो हवेतल्या हवेत खाडीपलीकडे पुन्हा पाठवत नाही. शिवाय बहुतेक हॉटस्पॉटची ताकद मिलिवॉटमध्ये असते, घरापुरती. वादळात सगळ्यात आधी जातं ते इंटरनेट. ज्या दिवसासाठी आपण हे करतो आहोत त्या दिवशी हॉटस्पॉट मुका असेल. एरवी सरावाला आणि लांबच्या गप्पांना तो उत्तमच आहे. डीएमआर आयडी, म्हणजे आपला ओळखक्रमांक, मात्र दोन्हीकडे एकच वापरा, भारतातला असेल तर ४०४ ने सुरू होणारा.

जुना_मोर्स

कातळसडा, उपक्रम चांगला आहे, पण मला एक गोष्ट पटत नाही. आपल्या जिल्ह्यात हॅमच्या हातात साधे एफएम सेट आहेत. डीएमआरवाले थोडे. वादळ आलं तर जो मदतीला येईल त्याच्याकडे बहुधा साधाच सेट असणार. मग अॅनालॉग रिपीटर सोडून डिजिटलच्या मागे का लागायचं? डिजिटलचा आवाज कडेला गेला की एकदम तुटतो. एफएमचा खरखरत का होईना, कान देऊन समजतो. अनुभवी माणूस त्या खरखरीतून गावाचं नाव आणि माणसांचा आकडा काढतोच.

कातळसडा

काका, खरखरीतून ऐकण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. डीएमआरचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग घागरीत बोलल्यासारखा होऊन संपतो, मधली पायरी फार थोडी. म्हणून आम्ही ठरवलं आहे की मूळ आधार साधा एफएम सिम्प्लेक्सच, म्हणजे रिपीटरशिवाय सेटवरून थेट सेटवर बोलणं, राहील. त्याची एक फ्रिक्वेन्सी सगळ्यांच्या सेटमध्ये भरलेली असेल. डीएमआर हा त्यावरचा मजला.

पण अॅनालॉग रिपीटर कुठे आणि कसा ठेवणार, हा प्रश्न उरतोच. २ मीटरच्या कॅव्हिटी, रॅक, मोठी बॅटरी, बंदिस्त खोली, कायमची जागा. दरड पडून रस्ता गेला तर ते सामान दुसऱ्या डोंगरावर नेता येत नाही. आमचं सगळं एका पाठपिशवीत मावतं. गाडी जाते तिथपर्यंत गाडी, पुढे पायवाट, मास्ट उभा केला की अर्ध्या तासात चालू. मला यात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. कायमच्या रिपीटरला हा पर्याय आहे असं माझं म्हणणं नाही. जिथे गरज पडेल त्या डोंगरावर रिपीटर नेता येतो, एवढंच.

अॅनालॉगमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर करायचं तर ‘पोपट’ लावावा लागतो. तुमचं बोलणं रेकॉर्ड करून नंतर वाजवणारा. चालतो, स्वस्तही आहे, पण प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ जातो आणि घाईत माणसं एकमेकांवर बोलतात.

जुना_मोर्स

पाठपिशवीचा मुद्दा मान्य. पोपट मी पूर्वी चालवला आहे, त्याच्याबरोबर बोलायला संयम लागतो. एफएमची फ्रिक्वेन्सी आधी सगळ्यांकडे, मग डीएमआर, हा क्रम मात्र सोडू नका. आणि दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर कधीही ठेवू नका. एफएमला स्लॉट नसतात. कुणी साध्या सेटवरून त्या जागी पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं की तुमचे दोन्ही भाग झाकले जातील.

वाशिष्ठी_तीर

तुमच्या सड्यावरून चिपळूण शहरात ऐकू येतं का? येत नसेल तर परशुराम घाटाच्या बाजूला असाच दुसरा सेट ठेवून साखळी करता येईल का? २०२१ नंतर आमच्याकडे सगळ्यांनाच हा विषय जिवाभावाचा झाला आहे.

कातळसडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. उंचीवरून रेडिओ क्षितिज काढायचं सोपं सूत्र आहे: दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं मिळवा आणि ४.१२ ने गुणा. सडा समुद्रसपाटीपासून १५० मीटर आणि समोरच्याच्या हातातला सेट २ मीटरवर धरला तर १२.२५ अधिक १.४१, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर. हे उघड्या समुद्रावर. जमिनीवर सूत्र तेच, पण डोंगर मध्ये आला की हिशेब बदलतो. चिपळूण वाशिष्ठीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे. किनाऱ्यालगतच्या सड्यावरून शहरात खाली सिग्नल धड उतरत नाही. उंच इमारतीच्या गच्चीवर, बाहेर अँटेना लावून मिळतो. शहरासाठी शहर दिसेल असाच डोंगर हवा.

साखळी मात्र एका फ्रिक्वेन्सीवर होणार नाही. पहिला सेट स्लॉट एकमधून ऐकून स्लॉट दोनमध्ये पाठवतो. दुसऱ्याने दोनमधलं ऐकलं तर पुढे पाठवायला त्याच्याकडे उरला एक, आणि तिथे मूळ माणूस अजून बोलतोच आहे. तिसरा भाग नाहीच. दोन डोंगर जोडायचे तर दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी, आणि मध्ये दोन्ही ऐकणारा माणूस. खरं सांगायचं तर आपत्तीत तो माणूसच जास्त भरवशाचा. तो निरोप लिहून घेतो, गावाचं नाव पुन्हा विचारतो, नेमकं तेवढंच पुढे देतो. चिपळूणसाठी स्वतंत्र संच तुमच्याकडे झाला तर मधला माणूस आम्ही देऊ.

अंतरामुळे स्लॉटची लय बिघडेल का असं काहींनी विचारलं होतं. ५० किलोमीटरला सिग्नलला ०.१७ मिलिसेकंद लागतात. २.५ च्या मोकळ्या जागेत ते सहज सामावतं.

विजेरी

मी वीजजोडणीची कामं करते आणि हॅमही आहे, म्हणून दोन गोष्टी. सड्यावर अर्थिंग हा मोठा प्रश्न आहे. जांभा कातळात रॉड जातच नाही, आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडला की प्रतिकार खूप वाढतो. एका जागी खोल जाण्याऐवजी आडव्या पट्ट्या पसरून, माती असेल त्या घळीपर्यंत नेणं बरं. मे अखेरीला वळवाचा आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. आभाळ गडगडायला लागलं की अँटेना काढून सेट खाली आणायचा, यात तडजोड नाही. सड्यावरचा एकटा मास्ट आणि त्याच्याजवळ उभा माणूस, याहून धोक्याची जागा नाही.

दुसरं खारं वारं. किनाऱ्यालगत साधे नटबोल्ट एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेस ३१६ घ्या, कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि वरून साधी विनाइल टेप. केबलला कनेक्टरच्या आधी खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आत शिरणार नाही. बॅटरीचा हिशेब काय धरला आहे?

कातळसडा

अर्थिंगचं तुम्ही सांगितलंत तेच आम्ही करतो, घळीपर्यंत पट्टी. वादळ अंगावर असताना डोंगरावर कुणी थांबत नाही, ते ओसरल्यावर चढायचं, हा नियमच आहे.

बॅटरी १२.८ व्होल्ट २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट. गाडीत बसवायचा सेट वापरला तर नुसतं ऐकताना ०.४ अँपिअर धरला तरी दिवसाला ९.६ अँपिअर-तास जातात. पाठवताना २५ वॉटला ६ अँपिअर, पण अर्धाच वेळ पाठवत असल्याने सरासरी ३. दिवसभरात मिळून एक तास बोलणं झालं तर आणखी ३. एकूण १२.६, म्हणजे एक दिवस निवांत, दीड दिवस ओढून. पावसाळ्यात सौर पॅनलवर भरवसा ठेवू नका, ढगाळ दिवसांत मिळतं ते फार थोडं. भरलेली दुसरी बॅटरी खांद्यावरून वर नेणं हाच खात्रीचा उपाय. हातातला पाच वॉटचा सेट रिपीटर म्हणून वापरला तर बॅटरी लहान पुरते, पण उन्हात बंद डब्यात ठेवू नका. सतत पाठवून तो तापतो आणि ताकद आपोआप कमी करतो.

केबलवर पैसे वाचवू नका. वीस मीटर आरजी-५८ ही पातळ केबल लावली तर यूएचएफवर निम्म्याहून बरीच जास्त ताकद केबलमध्येच जिरते, आणि येणारा सिग्नलही तितकाच कमी होतो. आम्ही २ मीटर बँड निवडला. भिजलेल्या माडा-आंब्यांतून आणि डोंगराच्या कडेवरून तो यूएचएफपेक्षा बरा जातो. अँटेना साधी पाव तरंगाची ग्राउंड प्लेन, प्रत्येक काडी साधारण अर्धा मीटर. ती तुटली तर गावातल्या वेल्डरकडे पुन्हा करून मिळते.

माडबन

माका एक विचारूचा हा. आमच्या मालवणात बरीचशी माणसं होड्यांवर असतात. हे सेट रापणीवाल्यांना आणि ट्रॉलरवाल्यांना दिले तर? समुद्रावर तर तुमच्या सूत्राने ५६ किलोमीटर जातं म्हणता.

दर्यावर्दी

माडबन, होड्यांसाठी हा मार्ग नाही. हौशी परवाना धंद्यासाठी वापरता येत नाही आणि परवाना नसलेल्याच्या हातात सेट देऊन मोकळं होता येत नाही. समुद्रावर मरीन व्हीएचएफ घ्या. संकटासाठी चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. त्यावर तटरक्षक दल आणि जवळची जहाजं कान ठेवून असतात. सड्यावरच्या आपल्या संचावर त्या क्षणी कुणी ऐकत असेल याची हमी नाही. किनाऱ्यावरच्या घरच्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा. इस्रोने मच्छीमारांसाठी उपग्रहावरून इशारा देणारं यंत्रही केलं आहे, त्याची चौकशी मत्स्य विभागाकडे करा. माझे वडील याच धंद्यात होते, म्हणून कळकळीने लिहितो.

केवडा_दापोली

मी कॉलेजात आहे. हे सगळं वाचून फार उत्साह आला. परवाना कसा काढायचा? मोर्स यावंच लागतं का?

जुना_मोर्स

ये बाळ, तुझ्यासारख्यांचीच वाट पाहतो आम्ही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेची परीक्षा द्यायची, अर्ज सरल संचार पोर्टलवर. बाराव्या वर्षानंतर कुणीही बसू शकतं. प्राथमिक रेडिओ सिद्धांत आणि नियम असे विषय. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. रिस्ट्रिक्टेडची कॉलसाइन, म्हणजे हवेतली आपली ओळख, व्हीयू३ ने सुरू होते, जनरलची व्हीयू२ ने. मोर्स मात्र शीक. सक्ती नसली तरी सिग्नल अगदी क्षीण असताना तेच पोचतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

परवाना येईपर्यंत ऐकायला बस. कोण कसं बोलतं, कॉलसाइन कधी देतं, दोन वाक्यांत किती थांबतं, हे ऐकूनच येतं.

कातळसडा

काकांच्या उत्तराला एक जोड. रिपीटर म्हणून सेट चालवायचा तर वैयक्तिक परवान्यावर विसंबू नका, डब्ल्यूपीसीकडे वेगळा अर्ज करा. आमच्या हातात लेखी परवानगी आली, त्यानंतरच सेट सड्यावर गेला. तालुक्याच्या आपत्ती कक्षालाही पत्र देऊन ठेवलं आहे, नाहीतर ऐन वेळी पोलीस पाटलांना आपण कोण हेच कळणार नाही. सेटमधलं एन्क्रिप्शन बंद ठेवा. हौशी बँडवर गुप्त बोलणं चालत नाही.

भरती_ओहोटी

एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी कधीकधी चॅनलवर अनोळखी सिग्नल येतात, बार भरतात पण आवाज उघडत नाही. तुमच्याकडेही होतं का?

कातळसडा

होतं. पावसाळ्याआधी समुद्रावर गरम कोरड्या हवेखाली दमट हवेचा थर अडकतो आणि व्हीएचएफ-यूएचएफचे सिग्नल त्या थरातून क्षितिजापलीकडे शेकडो किलोमीटर वाहत येतात. ट्रोपो डक्टिंग. कलर कोड (आपला रिपीटर ओळखायला सेटमध्ये भरलेला आकडा) जुळत नसेल तर सेट आवाज उघडत नाही, आणि आपला रिपीटरही तो सिग्नल पुढे पाठवत नाही. पण फ्रिक्वेन्सी भरलेली राहते आणि आपला क्षीण सिग्नल त्याखाली दबतो. म्हणून डीएमआरची दुसरी, राखीव फ्रिक्वेन्सी आधीच सेटमध्ये भरून ठेवा, आणि कलर कोड कुठला घ्यायचा ते शेजारच्या जिल्ह्यांशी बोलून ठरवा.

केवडा_दापोली

आणखी एक विचारते. एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळं असेल तर ऐकणाऱ्याला मूळ सिग्नल मिळतोय की सड्यावरून आलेला, कसं कळतं? दोन्ही एकदम आले तर?

कातळसडा

चांगला प्रश्न. दोन्ही वेगवेगळ्या स्लॉटमध्ये असतात, त्यामुळे एकमेकांवर पडत नाहीत. तुझ्या सेटने कुठला पकडला हे पडद्यावर कळत नाही, कारण रिपीटर मूळ बोलणाऱ्याचाच आयडी पुढे देतो. सिग्नलच्या बारवरून अंदाज येतो, खात्री नाही. काही सेटमध्ये दोन्ही स्लॉट ऐकायची सोय वेगळी चालू करावी लागते. ती बंद असेल तर शेजारचा माणूस ऐकू येतो आणि सड्यावरून येणारा नाही. नवीन सेट आला की आधी ती पाहा. चॅनलची जुळणी अशी: रिसीव्ह आणि ट्रान्समिट एकच, कलर कोड १, टॉकग्रुप (बोलणाऱ्या गटाचा क्रमांक) ९९. चॅनल मोकळा असेल तरच पाठवायचं हे बंधन चालू. समोरच्याने सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, म्हणजे तातडीचा निरोप असणाऱ्याला मध्ये शिरता येतं.

थेट कुठवर जातं आणि सड्यामुळे किती वाढतं, हे रिपीटर बंद ठेवल्याशिवाय कळणार नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ ते दहा तो बंद ठेवतो, दहा ते अकरा चालू. परवानाधारकांनी दोन्ही तासांत आपापल्या जागेवरून कॉल द्यावेत, बाकीच्यांनी ऐकावं. कुणाचं कुणाला, कुठून, किती स्वच्छ ऐकू आलं ते इथेच लिहा. दाभोळ, धोपावे, हर्णै आणि आंजर्ले इथून कुणी असेल तर फार बरं होईल.

दर्यावर्दी

हर्णै बंदरावरून मी आहे. नऊला सुरू करतो.